परक्या रुग्णालयातले चार आठवडे

वैद्यकीय शिक्षणाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मुंबईतील एक निवृत्त न्यूरोसर्जन या सदरातून उत्तरे देतात.

प्रश्न : मी मुंबईतील एका महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात शिकते आहे. अमेरिकेत न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातले विशेष प्रशिक्षण, करावी अशी माझी इच्छा आहे. तेथील विद्यार्थी अर्ज करण्याआधी दुसऱ्या रुग्णालयांत जाऊन एकेक महिना काम करतात, त्याला अवे रोटेशन म्हणतात आणि न्यूरोसर्जरीत त्याशिवाय निभाव लागत नाही, असे आमच्या एका सीनियर ताईने सांगितले. इंटर्नशिपमध्ये तीन महिने काढून तीन नामवंत रुग्णालयांत जावे, म्हणजे तीन शिफारसपत्रे हाती येतील, असा माझा बेत आहे. घरच्यांनी खर्चाची तयारी दाखवली आहे आणि मामा न्यू जर्सीत राहतात. हा बेत योग्य आहे का, आणि आतापासून काय सुरू करावे?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : तुमच्या बेतातले ‘तीन’ आणि ‘नामवंत’ हे शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी ‘इंटर्नशिपमध्ये’ या शब्दाकडे पाहू, कारण बेत मोडलाच तर तो तिथे मोडेल.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालये बाहेरच्या मुलांना रुग्ण तपासू देतात, शस्त्रक्रियेत हात धुऊन उभे राहू देतात, ते केवळ ती मुले विद्यार्थी आहेत म्हणून. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार हे मुख्य विषय वॉर्डात करून झालेला, शेवटच्या वर्षातला आणि अजून पदवी न मिळालेला विद्यार्थी त्यांना हवा असतो. पदवी हातात पडली की बहुतेक ठिकाणी तोच माणूस पाहुणा ठरतो. त्याला ऑब्झर्व्हरशिप मिळते, म्हणजे भिंतीला पाठ लावून पाहायचे आणि रुग्णाला हात लावायचा नाही. आपला इंटर्न या दोहोंच्या मधे अडकतो. त्याची अंतिम परीक्षा झालेली असते, पण पदवी मिळालेली नसते आणि अमेरिकेत या अवस्थेला समांतर असे काही नाही, कारण तेथील विद्यार्थी पदवी घेऊन थेट पगारी रेसिडेन्सीत जातो. काही महाविद्यालये आपल्या इंटर्नला विद्यार्थी मानतात, काही मानत नाहीत. हे ऐकीव माहितीवर सोडू नका. ज्या महाविद्यालयात जायचे असेल त्यांच्या कचेरीकडून लेखी उत्तर मागवा. दुसरी अडचण आपल्या बाजूची आहे. इंटर्नशिपच्या संपूर्ण वर्षात पंधरा दिवस रजा मिळते आणि त्यापेक्षा जास्त बुडालेले दिवस पुढे भरून द्यावे लागतात. तीन महिने काढलेत, तर इंटर्नशिप तितकीच लांबेल आणि पदवीही लांबेल.

म्हणून तुमचा महिना अंतिम वर्षात बसवा, तोही एकच. त्यासाठी हजेरीचा हिशोब आतापासून मांडा आणि अधिष्ठात्यांच्या कार्यालयात आधीच कानावर घाला. नव्या अभ्यासक्रमातील इलेक्टिव्हच्या, म्हणजे आवडीचा विषय निवडून शिकण्याच्या, काळाचा मोह होईल, पण तो तुमच्या अंतिम वर्षाच्या आधी येतो आणि तेव्हा वर सांगितलेले मुख्य विषय पुरे झालेले नसतात. तो काळ आपल्याच रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागासाठी राखून ठेवा. त्याकडे पुढे येतोच.

अर्जाची रीत अशी आहे. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची व्हीएसएलओ नावाची सामाईक यंत्रणा आहे. परदेशी विद्यार्थ्याला तिच्यामार्फत अर्ज करायचा असेल, तर त्याचे स्वतःचे महाविद्यालय त्या जाळ्यात असावे लागते. नसेल, तर जी महाविद्यालये थेट अर्ज घेतात त्यांच्याकडे वळावे लागते. शुल्काचे प्रकार इतके भिन्न आहेत की सरसकट काही सांगणे कठीण आहे. कुठे नाममात्र, तर कुठे महिन्याला हजारो डॉलर. तेथील मुले जुलै ते सप्टेंबर या महिन्यांसाठी धडपडतात, कारण ईरास या सामाईक अर्जयंत्रणेवर भरलेले रेसिडेन्सीचे अर्ज विभागांसमोर सप्टेंबरच्या अखेरीस उघडतात आणि शिफारसपत्रे त्याआधी पोहोचावी लागतात. बाहेरच्यांना सहसा त्यातून उरलेल्या जागा मिळतात, म्हणून आपली मुले हिरमुसतात. त्याचे काही कारण नाही. तुम्ही त्याच वर्षी अर्ज करणार नाही, त्यामुळे ऑगस्टसाठी भांडण्याचे तुम्हाला प्रयोजन नाही. फेब्रुवारीतला महिना तुम्हाला तितकाच उपयोगी आहे, किंबहुना अधिक, कारण तेव्हा विभागात परीक्षेला उतरलेले दुसरे चार विद्यार्थी नसतात आणि शिकवणाऱ्यांना तुमच्याकडे पाहायला सवड असते.

त्याच वर्षी अर्ज करणार नाही, असे मी गृहीत धरले आहे, त्याचे कारण सांगतो. न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी सात वर्षांची असते. साऱ्या देशात असे कार्यक्रम सव्वाशेच्या आत आणि दरवर्षीच्या जागा अडीचशेच्या आसपास. एकेक विभाग वर्षाला एक, दोन, फार तर तीन-चार जणांना घेतो. भारतातून थेट एमबीबीएस होऊन आलेल्यांना त्यात मिळणारी जागा विरळा, आणि ज्यांना ती मिळाली त्यांपैकी बहुतेकांनी आधी तिथल्याच एखाद्या विभागात एक-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक, संशोधन केलेले असते. तेव्हा उलट्या बाजूने मोजू. समजा, मार्च २०३१ च्या मॅचमध्ये, म्हणजे अर्जदार आणि विभाग यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणाऱ्या प्रक्रियेत, उतरायचे आहे. अर्ज सप्टेंबर २०३० मध्ये जाईल. त्याआधीचे वर्ष-सव्वा वर्ष संशोधनाचे, म्हणजे इंटर्नशिप २०२९ च्या वसंतात संपायला हवी, म्हणजे अंतिम परीक्षा २०२८ च्या सुरुवातीला आणि परदेशातला महिना त्याआधीच्या वर्षात. तुमचे वेळापत्रक काही महिन्यांनी पुढे-मागे सरकेल, पण मोजायची दिशा हीच ठेवा. या साखळीत तो महिना पहिला दुवा आहे. ज्या विभागात तो नीट गेला, तिथेच संशोधनाची जागा विचारता येते, आणि वर्ष-सव्वा वर्ष तुम्हाला रोज पाहिलेला प्राध्यापक जे पत्र लिहील, ते चार आठवड्यांच्या पत्रापेक्षा वजनदार असते.

आता ‘तीन’ आणि ‘नामवंत’. ईरासमध्ये एका कार्यक्रमाला जास्तीत जास्त चारच पत्रे जोडता येतात, त्यामुळे पत्रांची संख्या वाढवून काही साधत नाही. मी तरुणपणी परदेशातील एका बड्या विभागात काही आठवडे काढले होते. विभागप्रमुखांचे नाव पाठ्यपुस्तकांत होते आणि त्यांचे पत्र मिळावे म्हणून मी जिवाचे रान केले. पत्र मिळालेही. पुढे एका मुलाखतीत ते माझ्यासमोरच वाचले गेले, तेव्हा कळले की त्यात मी वक्तशीर आहे आणि माझे इंग्रजी चांगले आहे, एवढेच होते. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी मला दोनदाच पाहिले होते. त्याच विभागातील एका तरुण सहायक प्राध्यापकाबरोबर मी रोज असायचो, रात्रीचे कॉलही केले होते, पण त्यांच्याकडे पत्र मागायचे मला सुचले नाही. म्हणून जागा निवडताना नाव नंतर पाहा. तिथे विद्यार्थी एकाच गटात चार आठवडे राहतो, की दर आठवड्याला डॉक्टर बदलतात? पूर्वी परदेशी पदवीधरांना त्यांनी रेसिडेन्सीत घेतले आहे का? बहुतेक विभाग आपल्या रेसिडेंटांची छायाचित्रे आणि त्यांच्या महाविद्यालयांची नावे उघडपणे लावतात. ती यादी तासभर बसून वाचली, तर माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते. परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या जे-१ व्हिसाला ते पाठिंबा देतात का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

मामांबद्दल एक शब्द. राहण्याची सोय मोठी गोष्ट आहे, पण मामांचे घर रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर असेल, तर ती सोय उरत नाही. न्यूरोसर्जरीच्या विद्यार्थ्याला पहाटे साडेचार-पाचला वॉर्डात हजर राहावे लागते, आणि तिथे पहाटे चारला कर्जत लोकल सुटत नाही. रुग्णालयापासून चालत जाता येईल अशी भाड्याची खोली घ्या आणि मामांकडे रविवारी जेवायला जा.

त्या महिन्यात तुमच्याकडून काय अपेक्षित असते, हे समजले की तयारी कशाची करायची ते आपोआप कळेल. कुणी तुम्हाला गाठ काढायला सांगणार नाही. फार तर शेवटी त्वचेचे टाके घालायला देतील; तेव्हा हात थरथरू नये, इतका सराव घरी उशीच्या अभ्र्यावर करून जा. खरी परीक्षा रात्र आणि पहाट यांच्या मधल्या तासात होते. राउंडच्या आधी अतिदक्षता विभागातील प्रत्येक रुग्ण तुम्ही स्वतः पाहिलेला हवा : शुद्धी किती, बाहुल्या केवढ्या आणि दोन्ही सारख्या आहेत का, हात पुढे धरायला सांगितल्यावर एक खाली झुकतो का, रात्रीत सोडियम किती झाले. ज्याच्या मेंदूतील पाणी नळीवाटे बाहेर काढत आहेत, त्याच्या खाटेशी थांबून पाहा की त्या नळीच्या मापपट्टीचा शून्य रुग्णाच्या कानाच्या छिद्राशेजारच्या उंचवट्याच्या रेषेत आहे का. नर्सने खाटेचे डोके वर केले आणि पट्टी तिथेच राहिली, तर पाणी नको तेवढे वाहून जाते. विद्यार्थ्याने हे पाहून रेसिडेंटला शांतपणे सांगितले, तर त्याची नोंद मनात होते, आणि महिनाअखेरीस विभाग ज्यांना ‘हा मुलगा कसा वाटला’ असे विचारतो, त्यांत तो रेसिडेंट आणि ती नर्स दोघेही असतात. सात वर्षे ज्याच्याबरोबर रात्री काढायच्या, त्याला निवडताना ते केवळ गुण पाहत नाहीत. शेवटच्या आठवड्यात बहुधा दहा मिनिटांचे एक सादरीकरण द्यावे लागते. विषय छोटा घ्या, तुम्ही स्वतः पाहिलेल्या रुग्णावरचा.

हे सारे शिकण्याची सर्वांत चांगली जागा तुमच्या दारातच आहे. लोकलमधून पडून डोक्याला मार लागलेला रुग्ण रात्री कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा त्याची शुद्धी मोजून निवासी डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगणे, हे अमेरिकेतील विद्यार्थ्याला इतक्या वेळा करायला मिळत नाही. न्यूरोसर्जरीच्या जगात परळ अनोळखी नाही, हेही लक्षात असू द्या. मानेचे पहिले दोन मणके पट्टी आणि स्क्रूंनी जोडण्याची, परळच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आज तिकडच्या शस्त्रक्रियागृहांतही गोयल यांच्या नावाने ओळखली जाते. इलेक्टिव्हच्या काळात आपल्या विभागात राहा, एखाद्या छोट्या लेखावर काम करा आणि तिथल्या प्राध्यापकांना तुम्हाला ओळखू द्या. चारपैकी एक पत्र मुंबईचे असावे आणि ते उत्तम असावे.

कागदपत्रांपैकी दोनच गोष्टींविषयी सविस्तर सांगतो, कारण त्यांत वेळ जातो. अमेरिकन रुग्णालयांना क्षयाची चाचणी हवी असते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने कातडीवरची चाचणी फसवी ठरू शकते. तिच्याऐवजी रक्ताची इग्रा चाचणी चालते का, ते विचारा आणि चालत असेल तर तीच करा. मुंबईच्या वॉर्डांत वावरलेल्या विद्यार्थ्याची तीही बाधित येण्याची बरीच शक्यता असते. तशी आली, तर घाबरू नका. छातीचा एक्स-रे आणि छातीरोगतज्ज्ञांचे पत्र लागेल, एवढेच. दुसरे हिपॅटायटिस बीचे. तीन डोस झाले असे सांगून भागत नाही, रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा दाखवावा लागतो आणि तो कमी निघाला तर पुन्हा डोस घेण्यात महिने जातात. या दोन्ही चाचण्या अर्जाच्या आधी करून टाका. व्हिसासाठी बीकेसीतील वकिलातीत मुलाखत होईल. तिकडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बिनपगारी इलेक्टिव्ह करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बी-१ हा प्रकार आहे. यजमान महाविद्यालयाचे पत्र आणि आपल्या अधिष्ठात्यांचे बोनाफाईड सोबत ठेवा आणि मामांना भेटायला चालले आहे असे चुकूनही सांगू नका. जे करायला जात आहात, तेच सांगा.

परीक्षांचे म्हणाल, तर अमेरिकेतील डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा असलेल्या स्टेप वनचा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. अनेक महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याकडे ती उत्तीर्ण झाल्याचा दाखला मागतात, म्हणून ती परदेशातल्या त्या महिन्याच्या आधी उरकावी. गुण आता स्टेप टू सीके या पुढच्या परीक्षेचे मोजले जातात. तिला पुरेसा वेळ द्या, घाई करू नका.

प्रश्न : माझा मुलगा एमबीबीएसच्या अंतिम वर्षाला आहे. एका संस्थेने अमेरिकेत न्यूरोसर्जरीचे चार आठवड्यांचे ‘हँड्स-ऑन रोटेशन’ आणि शिफारसपत्र मिळवून देण्यासाठी काही लाख रुपये मागितले आहेत. आठवड्याच्या आत निम्मी रक्कम भरली तर सवलत आहे. भरावी का?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : भरू नका, निदान या आठवड्यात तरी नको. आठवड्यात पैसे भरायला लावणाऱ्याला आपण घराच्या व्यवहारात जसे पारखतो, तसेच इथेही पारखावे. त्या संस्थेकडून रुग्णालयाचे नाव लेखी घ्या आणि तिथे न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी चालते का, ते स्वतः पाहा. बहुतेक वेळा असे रोटेशन एखाद्या खासगी दवाखान्यात असते, जिथे मूल बाह्यरुग्ण कक्षात बसते आणि शस्त्रक्रिया पाहायला मिळालीच तर काचेपलीकडून. तेथील डॉक्टर सज्जन असतील, पण ज्याने स्वतः रेसिडेंट घडवलेले नाहीत त्याच्या पत्रातून हा मुलगा रेसिडेंट म्हणून कसा असेल, हे निवड करणाऱ्यांना कळत नाही. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वर सांगितलेला बी-१ व्हिसा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील इलेक्टिव्हसाठी आहे. तिथे रुग्णाला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे महाविद्यालयाचा विमा आणि देखरेख असते. खासगी दवाखान्यात काही चुकले, तर मुलाच्या मागे कोण उभे राहणार, हे त्या संस्थेला लेखी विचारा आणि उत्तर किती दिवसांत येते ते पाहा.

एक विनंती. पुढचे पत्र मुलाला लिहू द्या. या वाटेवर त्याला अनोळखी प्राध्यापकांना शेकडो ईमेल लिहावी लागणार आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना उत्तर येणार नाही.

प्रश्न : माझी इंटर्नशिप गेल्याच महिन्यात संपली आणि पदवी मिळाली. अवे रोटेशनचे आता कळले. माझी वाट बंद झाली का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एक दार बंद झाले, हे खरे. विद्यार्थी म्हणून हातात काम घेण्याचा महिना आता जवळजवळ कुठेच मिळणार नाही, आणि मिळेल असे सांगणाऱ्यांपासून जपावे. वरच्या पत्राला दिलेले उत्तर तुम्हीही वाचा. ऑब्झर्व्हरशिप मिळते, पण केवळ तिच्या जोरावर न्यूरोसर्जरीची जागा मिळेल असे समजू नका. तिचा उपयोग एवढाच, की संशोधनासाठी ज्यांच्याकडे राहायचे ते लोक कसे आहेत, हे दोन-चार आठवड्यांत पाहता येते. तुमच्यासाठी संशोधनाचे वर्ष हेच रोटेशन. तिथे विभागाच्या सकाळच्या बैठकांना जा, गुंतागुंतीच्या रुग्णांवरील चर्चेत मागच्या रांगेत का होईना पण दर आठवड्याला बसा, आणि ज्यांचे पत्र हवे आहे त्यांना तुमचे काम आठवड्याला दिसेल अशी व्यवस्था करा. अलीकडच्या हंगामांत न्यूरोसर्जरीच्या अर्जदाराला पंचवीस सिग्नल दिले जातात, म्हणजे आपली खरी ओढ कुठे आहे ते पंचवीस कार्यक्रमांना कळवता येते. तुम्हाला ओळखणाऱ्या प्रत्येक विभागाला त्यांतला एक द्या. उरलेले नकाशा पाहून वाटू नका.

पुढची दोन गणितेही आताच मांडून ठेवा. जे-१ व्हिसावर डॉक्टरला प्रशिक्षणासाठी साधारणपणे सात वर्षेच राहता येते आणि न्यूरोसर्जरीला नेमकी सात वर्षे लागतात. त्यानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करून त्या अटीतून सूट मिळवावी लागते. दुसरे गणित इथले, म्हणजे भारतातच न्यूरोसर्जन होण्याचे. एमएस तीन वर्षे आणि त्यावर एमसीएच ही अतिविशेष पदवी तीन वर्षे, किंवा एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीआरएनबी, किंवा आयएनआय-सीईटी या प्रवेशपरीक्षेमार्फत एम्स, निम्हान्ससारख्या संस्थांतील सहा वर्षांचा एमसीएच. तिकडे संशोधनाची दोन आणि रेसिडेन्सीची सात अशी नऊ वर्षे, तीही जागा मिळालीच तर. इकडे सहा, तीही प्रवेशपरीक्षेत क्रमांक लागला तर. मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या नीट-पीजीचा अर्ज भरून ठेवला असता आणि त्याच संध्याकाळी संशोधनाच्या जागेसाठी पहिले ईमेलही पाठवले असते.